दहा बाय दहाच्या खोलीतला घुमार फोमने जात नाही

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरसजावटीच्या पुरवण्यांमध्ये एक सल्ला वरचेवर छापून येतो. खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतींना फोमचे चौकोन चिकटवा, नाहीतर अंड्यांचे ट्रे लावा. घरातल्याच एका खोलीत रियाज करणारे, गाण्याच्या ऑनलाइन शिकवण्या घेणारे, श्राव्य पुस्तकं आणि पॉडकास्ट ध्वनिमुद्रित करणारे लोक आता खूप आहेत, आणि ते हा सल्ला मनावर घेतात. पैसे खर्च होतात, भिंतीचा रंग निघतो आणि बहुतेक वेळा आवाज पूर्वीपेक्षा वाईट होतो. त्यात आगीचा धोका वाढतो तो वेगळाच. लहान खोल्यांमधला आवाज मोजणं आणि सुधारणं हे आमचं रोजचं काम असल्यामुळे याबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम घेऊ. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 346 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनिलहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लहर तिथे उभी राहते. 3.05 मीटरच्या अंतरात असा स्वर 57 हर्ट्झचा बसतो, मग त्याची दुप्पट 113, तिप्पट 170. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्ही हेच आकडे देतात. उंचीतून 60 आणि 119 येतात. म्हणजे 113 ते 119 हर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात खोलीची तिन्ही मापं एकावर एक चढून बसतात. पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर बहुधा 100 ते 130 हर्ट्झच्या आसपास असतो. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाचा मंद्रातला धैवत, कोमल असो वा शुद्ध, 110 ते 117 हर्ट्झमध्ये पडतो. त्या एका स्वरावर खोली अचानक फुगते आणि शेजारचा पंचम बारीक लागल्यासारखा वाटतो. दोष गळ्याचा नसतो, मापांचा असतो.

हे यंत्राविना तपासता येतं. खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून षड्जापासून मंद्र मध्यमापर्यंत संथ मींड घेत उतरा. ज्या जागी तेवढ्याच दमात आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटेल, तो त्या खोलीचा स्वर. मग टाळी वाजवा. मोकळ्या भिंतींमध्ये टाळीमागे ‘टर्रर्र’ असा कंप ऐकू आला, तर तो समोरासमोरच्या भिंतींमधल्या फेऱ्यांचा. दहा फुटांच्या खोलीत अशा सेकंदाला 57 फेऱ्या होतात. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. ज्यांना आकडे हवेत त्यांनी ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा साधा मायक्रोफोन वापरावा. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर 100 हर्ट्झ उमटतच नाही, त्यामुळे नुसत्या फोनवर ही चाचणी करू नये.

आता फोम का चालत नाही ते. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते, कारण तिच्या छिद्रांतून हवा हलते आणि घर्षणात ध्वनीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. पण भिंतीला अगदी लागून हवा हलूच शकत नाही, तिला पुढेमागे जायला जागा नसते. हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून पाव लहर अंतरावर. 1000 हर्ट्झसाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येतं, 100 हर्ट्झसाठी जवळजवळ 86 सेंटिमीटर. भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम म्हणून हजार हर्ट्झच्या वरचाच आवाज खातो. स, श, च यांची धार जाते, तानपुऱ्याच्या जवारीची चमक जाते आणि खालचा घुमार जसाच्या तसा राहतो. उजेड गेला आणि अंधार तेवढा उरला, अशी आवाजाची अवस्था होते. तो उठाव परत आणायला गायक जोर लावतो आणि गळा थकतो. अंड्यांच्या ट्रेचा कागद तर याहून पातळ. थर्माकोलमधली छिद्रं बंद असतात, हवा आत शिरतच नाही, त्यामुळे त्याचा शोषणासाठी काहीच उपयोग नाही.

जुन्या वाड्यातल्या बैठकीत गाणं चांगलं का लागायचं, याचं उत्तरही यातच आहे. जाड गाद्या, लोड, तक्के वरचे स्वर शोषायचे; लाकडी तक्तपोशी आणि फळ्यांची जमीन आवाजाबरोबर किंचित हलून खालचे स्वर जिरवायची. आजच्या फ्लॅटमध्ये स्लॅब, विटांच्या भिंती, जिप्समचं गुळगुळीत प्लास्टर, व्हिट्रिफाइड टाइल आणि काच. यातलं काहीच हलत नाही आणि काहीच शोषत नाही.

किती शोषण लागतं याचा हिशेब हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडला. खुर्च्यांवरच्या उशा एका व्याख्यान-दालनात आणून ठेवायच्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्यांचं सूत्र आजही चालतं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, 0.161 ने गुणा आणि एकूण शोषणाने भागा. आपली खोली 27 घनमीटरची. रिकामी असताना तिचं शोषण दीड-पावणेदोन चौरस मीटर (म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं), म्हणून आवाज विरायला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. पलंगावरची गादी, एक माणूस आणि पडदे धरले तर शोषण पाचाच्या आसपास जातं आणि वेळ साधारण 0.85 सेकंदांवर येतो. रियाजासाठी 0.4 सेकंद बरे. तिथे पोहोचायला एकूण 11 चौरस मीटर शोषण हवं, म्हणजे आणखी सहाची भर. चार फूट बाय दोन फूट मापाची, आवाज शोषणारी आठ जाड पॅनेल बसवली की हे गणित जमतं. अतिशय लहान खोलीत आणि खालच्या स्वरांना हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण पॅनेलची संख्या ठरवायला पुरेसं आहे.

पॅनेल घरी किंवा सुताराकडून करून घेता येतं. आत रॉकवुल, म्हणजे दगडापासून केलेली तंतुमय लोकर, घालावं; घनता घनमीटरला 48 ते 64 किलो, जाडी 100 मिलिमीटर, म्हणजे 50 चे दोन थर. ग्लासवुलही चालतं. एका बाजूला चांदीचा कागद लावलेला माल येतो, तो घेऊ नये. घ्यावाच लागला तर कागदाची बाजू भिंतीकडे ठेवावी. रॉकवुलच्या तयार स्लॅबची मापं दुकानागणिक बदलतात, म्हणून आधी स्लॅब आणावेत, मापावेत आणि मगच चौकट करावी. चौकटीचं आतलं माप स्लॅबपेक्षा पाच मिलिमीटर कमी ठेवलं की वुल घट्ट बसतं आणि वर्षभराने खाली सरकत नाही. चौकटीला 18 मिलिमीटर जाड आणि 100 मिलिमीटर रुंद पाइनच्या पट्ट्या पुरतात. मागची बाजू प्लायने बंद करू नये. मागूनही हवा आत-बाहेर व्हायला हवी. दोन आडव्या पट्ट्या पुरे. तयार पॅनेल सात किलोच्या आसपास भरतं.

कापडात सर्वांत जास्त चुका होतात. तोंडाशी धरून फुंकर मारली आणि पलीकडे हाताला सहज लागली, तर कापड योग्य. रेक्झिन आणि मागे रबराचा लेप असलेलं सोफ्याचं कापड नापास. मांजरपाट उत्तम आणि स्वस्त, पण नव्या मांजरपाटात खळ भरपूर असते आणि ती छिद्रं बुजवते. कापड रात्रभर पाण्यात भिजवावं, गरम पाण्यात धुऊन खळ काढावी, वाळवून इस्त्री करावी. न धुता लावलं तर पावसाळ्यात ते सैल पडून पोटासारखं लोंबतं. रॉकवुलचे तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून आत नॉन-वोव्हन कापडाचा एक थर द्यावा. कापडी पिशव्या म्हणून जे मिळतं तेच, फक्त पातळ. बाजू आणि मागची दुमड धरून एका पॅनेलला 36 इंच पन्ह्याचं दीड मीटर कापड लागतं, आठांना 12 मीटर. आधी लांब बाजूच्या मध्यावर स्टेपल मारावेत, मग समोरची बाजू ताणून, कोपरे सगळ्यात शेवटी. वुल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क आणि चष्मा हवा. हे काम गच्चीत करावं, आणि वापरलेले कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत.

आठांपैकी चार पॅनेल कोपऱ्यांत जातात. खालच्या स्वरांचा दाब सर्वांत जास्त साठतो तो कोपऱ्यात. 60 सेंटिमीटर रुंद पॅनेल कोपऱ्यात तिरकं लावलं की मागे मधोमध 30 सेंटिमीटर खोल पोकळी सुटते. पॅनेल भिंतीपासून दूर, हवा हलते तिथे येतं आणि त्याची ताकद बरीच खालपर्यंत उतरते. दोन कोपरे निवडून प्रत्येकात एकावर एक दोन लावावीत. आपल्याकडे एका कोपऱ्यात दार असतं, दुसऱ्यात कपाट, तिसऱ्यात कॉलम. अशा वेळी भिंत आणि छत मिळतात तो कोन वापरावा. खोलीला असे चार आडवे कोन असतात, बहुतेक मोकळे, आणि खालच्या स्वरांना उभा कोन नि आडवा कोन यात भेद नसतो.

दोन पॅनेल बाजूच्या भिंतींवर, मागे 5 ते 10 सेंटिमीटर पोकळी ठेवून. नेमकी जागा आरशाने सापडते. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर, किंवा ध्वनिमुद्रण करत असाल तर मायक्रोफोन, दिसला की पॅनेलचा मध्य तिथे. दोन्ही भिंती पूर्ण झाकू नयेत. एका भिंतीवरच्या पॅनेलसमोर दुसऱ्या भिंतीचा उघडा भाग आला तरी टाळीमागचा कंप मोडतो.

उरलेली दोन छताला. इथे पंख्याचा विचार आधी करावा. 1200 मिलिमीटरचा पंखा खोलीच्या मध्यावर असेल, तर त्याच्या पात्यांपासून भिंतीपर्यंत 90 सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. 60 ची पॅनेल तिथेच बसवावीत, पात्यांच्या वर नकोत. छताच्या पॅनेलला स्लॅबमध्ये चार अँकर फास्टनर आणि साखळ्या हव्यात. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला ते वजन टांगू नये. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची, असेल तर नेहमीचा प्लग काही महिन्यांत ढिला होतो, त्या ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन प्लग वेगळा मिळतो. पंखा चालू ठेवून ध्वनिमुद्रण केलं तर फिरत्या पात्यांवरून परतणारा आवाज थरथरतो. ती थरथर नंतर काढता येत नाही.

एवढं करूनही 113 हर्ट्झचा फुगवटा थोडा उरतोच. त्यासाठी हलणाऱ्या पातळ प्लायची पेटी करावी लागते, आणि फारच थोडे सुतार ती नीट करतात, म्हणून तपशील देतो. चार बाय दोन फुटांची, 75 मिलिमीटर खोल, सगळीकडून हवाबंद चौकट. पुढे 6 मिलिमीटर प्लाय, मागे 12 मिलिमीटर. आत मागच्या बाजूला 50 मिलिमीटर वुल, पुढच्या प्लायला अजिबात न टेकणारं. पेटी कोणत्या स्वराला जागी होईल ते असं काढावं: प्लायचं दर चौरस मीटरचं वजन किलोत घ्या, पोकळी किती मीटर खोल आहे त्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि 60 ला त्याने भागा. 6 मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा ताव 11 किलो भरला, तर चौरस मीटरला 3.7 किलो येतात आणि उत्तर 114 हर्ट्झ. तोच ताव भारी लाकडाचा, साडेतेरा किलोचा निघाला, तर पेटी 103 ला जाते आणि आपल्या स्वराला स्पर्शही करत नाही. म्हणून ताव काट्यावर तोलल्याशिवाय कापू नये. सांधे सिलिकॉनने बुजवावेत. बारीकशी फट राहिली तरी पेटी निकामी. ही पेटी मात्र भिंतीला लागून, कोपऱ्याजवळ ठेवायची, कारण ती दाबावर चालते, हवेच्या हालचालीवर नाही. दोन पेट्यांपासून सुरुवात करावी आणि मींडीची चाचणी पुन्हा घ्यावी.

यातला एकही पैसा खर्चण्याआधी बसण्याची जागा बदलून पाहावी. खोलीच्या नेमक्या मध्यावर 57 हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही आणि 113 सर्वांत मोठा येतो. भिंतीला टेकून बसलं तर दोन्ही मोठे. एका भिंतीपासून लांबीच्या तीन-अष्टमांशावर, दहा फुटांत साधारण पावणेचार फुटांवर, दोन्ही सुसह्य होतात. स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढायची एक पद्धत आहे. त्या अंतरावर भिंतीवरून परतलेली लहर 86 हर्ट्झला मूळ लहरीच्या उलट येऊन डग्ग्याचा घुमार पोकळ करते. लहान खोलीत स्पीकर मागच्या भिंतीच्या जवळ, पण कोपऱ्यापासून दूर ठेवावा.

शेजाऱ्यांना आवाज जातो म्हणूनही पुष्कळ लोक फोम लावतात. तो प्रश्नच निराळा. वर सांगितलेली आठही पॅनेल लावली तरी खोलीतला आवाज साडेतीन डेसिबलच्या आसपास कमी होतो, तेवढाच शेजारी कमी ऐकू जातो. शेजाऱ्याला फरक जेमतेम कळेल. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात. दाराच्या एकूण क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का फट असली, तर दार कितीही भक्कम असो, ते 20 डेसिबलहून जास्त अडवू शकत नाही. दाराखालची अर्ध्या इंचाची फटही त्याच्या जवळपास पोहोचते. म्हणून आधी चौकटीला रबरी गास्केट, खाली दार बंद होताच उतरणारी सीलपट्टी आणि पोकळऐवजी भरीव फ्लश दार. सरकती अॅल्युमिनियमची खिडकी कधीच घट्ट बंद होत नाही. तिच्या आतून 10 सेंटिमीटर अंतरावर गास्केट असलेली दुसरी उघडझाप खिडकी बसवावी. निवासी भागासाठी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्रीचा रियाज करणाऱ्यांनी फोमऐवजी दाराकडे पाहावं.

आगीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबात 2003 साली भिंतींवरचा असाच फोम आतषबाजीने पेटला आणि 100 माणसं गेली. ब्राझीलमध्ये सांता मारियाच्या किस नाइटक्लबात 2013 साली छताचा फोम पेटून 242 जण मृत्युमुखी पडले. घरात आतषबाजी नसते, पण उदबत्ती असते, निरांजन असतं, फोमच्या मागे दडवलेला एक्स्टेंशन बोर्ड असतो आणि दिवसभर चालू राहणारा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा अॅडॉप्टर असतो. खोलीला दार एकच. रॉकवुल दगडापासून बनतं आणि जळत नाही. कापड आणि चौकट जळू शकतात, म्हणून पॅनेलही स्विचबोर्डपासून आणि देव्हाऱ्यापासून लांब असावीत.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांसाठी आणखी थोडं. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला पॅनेल कधीही टेकवू नये. मागे किमान दोन इंच मोकळी हवा हवी. गोधड्या आणि जुन्या गाद्या भिंतीला टांगण्याची युक्ती कोरड्या हवेत काही दिवस चालते, पण पावसाळ्यात कापूस ओल धरतो, बुरशी येते आणि त्याच खोलीत श्वास घेऊन गाणाऱ्याला ती बाधते. चौकटीला वाळवीचं औषध आधी मारावं. गौरी-गणपतीच्या सुमारास एकदा पॅनेल उतरवून मागची भिंत पाहावी. वुल भिजलं असेल तर वाळवून पुन्हा वापरण्याच्या भानगडीत न पडता बदलावं.

शेवटी विक्रेत्यांकडे आणि आपल्याकडे एक मागणी. फोमच्या जाहिरातींमध्ये ‘एनआरसी 0.8’ असा आकडा ठळक छापलेला असतो. हा आकडा 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ या चारच ठिकाणच्या शोषणाची सरासरी असते. 125 हर्ट्झ त्यात धरलेलाच नाही, आणि लहान खोलीचं सगळं दुखणं तिथे आणि त्याखाली आहे. विक्रेत्यांनी 125 हर्ट्झचं शोषण, ते मोजताना मागे किती पोकळी ठेवली होती हे, आणि आग-चाचणीचा निकाल छापील द्यावा. ग्राहकांनी तो मागावा आणि नसेल तर माल घेऊ नये. आपल्या पुरवण्यांत यापुढे अशी उत्पादनं सुचवताना हे तीन आकडे सोबत छापले जावेत, आणि अंड्यांच्या ट्रेचा सल्ला कायमचा बंद व्हावा, अशी विनंती आहे.

आपले,
ध्वनिमापन आणि ध्वनिसुधारणेचं काम करणारे दोन वाचक,
पुणे